नकाशावर चिकटवलेली नावं

कळवा, शनिवार दुपार

प्रिय मेघना,

सलग दोन रविवार तू माझ्यावर चिडून फोन ठेवलास. मला त्याचा राग आलेला नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो, आणि मी चिडलो की काय होतं ते माझ्याकडे भूगोल शिकलेली निम्मी वस्ती अजून सांगते. आई झोपली आहे, आईचा व्यायाम चालू आहे, इथे रेंज नाही, अशी कारणं मी पुढे करत गेलो आणि तू ती पाडत गेलीस. शेवटी मेसेज टाकलास, ‘बाबा, आईला बोलता येतंय की नाही, एवढंच सांगा.’ मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला, पण उत्तर काही टाइप होईना. हो लिहिलं तरी खोटं आणि नाही लिहिलं तरी खोटं. म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेलो तर माझाच आवाज फुटेल, शिवाय आई सदानकदा समोर असते आणि तिला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. आत्ता ती दुपारची झोपली आहे तेवढ्यात लिहून काढतो आणि पानांचे फोटो तुला पाठवतो. तुझा आठवा महिना संपत आला आहे, तेव्हा एका जागी बसून, पाय वर घेऊन वाच. सुमितला शेजारी बसव.

तुला जे ठाऊक आहे तिथून सुरू करतो. जानेवारीत आई तुझ्या बाळंतपणाला यायची तयारी करत होती. डिंक तळून झाला होता, अळीव डब्यात भरत होती, आणि डबा हातातून सुटला. स्वयंपाकघरभर अळीव झाले. मी म्हटलं, राहू दे, मी भरतो. तिने वळून माझ्याकडे पाहिलं तर तोंड एका बाजूला गेलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला, हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं. पाय आता बराच परत आला आहे. धरून धरून ती गॅलरीपर्यंत जाते आणि खाली भाजीवाला आला की डोकावते. हाताला अजून वेळ आहे. यातलं काही मी लपवलं नाही. लपवलं ते बोलण्याचं. तिच्या तोंडून नावं निघत नाहीत. वस्तू समोर असते, तिचं काय करायचं ते कळतं, पण नाव येत नाही. चमचा दाखवला तर ती हाताने भरवून दाखवते. पाणी हवं असेल तरी ‘ते’ आणि भूक लागली तरी ‘ते’. आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, रोज सकाळी ती माझ्याबरोबर त्रिसरण पंचशील अथपासून इतिपर्यंत म्हणते. पालीतला एक शब्द अडत नाही. वंदना संपते, ती पेल्याकडे बोट करते, आणि पाणी हा शब्द तिला सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, पाठ केलेलं डोक्यात वेगळीकडे असतं, त्याला धक्का लागला नाही. मी जोडलेले हात तसेच ठेवून बसून राहतो. मला दुसरं काही करता येत नाही.

माणसांची नावंही अशीच गेली. तळमजल्यावरच्या शेवंतीबाई रोज येतात. आई त्यांच्याकडे बघून हसते, हात धरते, पण नाव नाही. माझं मात्र काही गेलं नाही, कारण माझं नाव तिने जन्मात कधी घेतलंच नव्हतं. ‘अहो’ होतं, ते ‘अहो’ शाबूत आहे. मी तिला कितीदा म्हणायचो, अगं विहारात आपण समतेवर भाषणं ऐकतो, घरी एकदा तरी महेंद्र म्हण. ती म्हणायची, कशाला, हाक पोचते ना? आता आतल्या खोलीतून ती ‘अहो’ म्हणते आणि मी हातातलं टाकून जातो. पूर्वी दोनदा ओरडल्याशिवाय हलत नव्हतो.

बाहेरच्या खोलीतला जगाचा नकाशा तुला आठवत असेलच. अजून तिथेच आहे, दिवाणाच्या वर, कडा पिवळ्या पडल्यात. छापलेल्या नावांवर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवायचो, ज्या देशाचे लोक स्वतःला जे म्हणतात ते नाव लिहून. जर्मनीवर डॉइचलांड, ग्रीसवर एलाडा, इजिप्तवर मिस्र, जपानवर निप्पोन, जॉर्जियावर साकार्तवेलो. जेवताना घरात नियम होता, जो छापील नाव घेईल त्याने उठून सगळ्यांना पाणी द्यायचं. तू पोरवयात महाबिलंदर. आईने पोळी तव्यावर टाकली की बरोबर तेव्हाच विचारायचीस, आई गं, पिरॅमिड कुठल्या देशात असतात? ती बेसावध इजिप्त म्हणून जायची आणि तू टाळ्या पिटायचीस. पाण्याचा तांब्या आपटत ती म्हणायची, तुमचे देश राहू देत उपाशी, इथे माझी पोळी करपतेय.

तुला वाटायचं, बाबांना भूगोलाचं वेड. वेड होतंच, पण त्याचं मूळ दुसरीकडे होतं. तुझे थोरले काका, त्यांचं नाव कचरू हे तुला माहीत आहे. धर्मांतराच्या आधीचा त्यांचा जन्म. गावात आमच्या वस्तीतल्या पोरांची नावं तशीच असायची, कचरू, धोंडू, दगडू. ती कोणी ठेवली आणि का, हे विचारायची सोय नव्हती, पण वरच्या आळीतल्या माणसांना तशी हाक मारायला बरं वाटायचं एवढं खरं. मी धर्मांतरानंतरचा. माझ्या वडिलांनी माझं नाव स्वतः निवडलं, सम्राट अशोकाच्या मुलाचं, जो धम्म घेऊन लंकेला गेला. एकाच घरात एका भावाला दुसऱ्यांच्या तोंडचं नाव आणि एकाला आपलं घेतलेलं नाव, हे मी लहानपणापासून पाहिलं. म्हणून शिक्षक झाल्यावर मी प्रत्येक वर्गाला पहिल्या तासाला हेच सांगायचो, की समोरच्याला आधी विचारा, तू स्वतःला काय म्हणतोस. मग तो देश का असेना.

आणि देशांची तऱ्हा तर विचारूच नकोस. एकट्या जर्मनीला शेजारी किती नावांनी हाका मारतात. फ्रेंच त्यांना आलमान्य म्हणतात, कारण सरहद्दीवर त्यांची गाठ ज्या टोळीशी पडली तिचं नाव ते होतं. तुमच्या फिनलंडात त्यांनाच साक्सा म्हणतात, हे तू तिकडे गेल्यावर मला कळवलंस आणि मी दिवसभर खुशीत होतो. पोलंडवाले म्हणतात न्येम्त्सी, आणि त्या शब्दाचं मूळ मुका या अर्थाचं सांगतात. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो मुका. हे वर्गात सांगितलं की पोरं खदाखदा हसायची आणि मीही हसायचो. आपली तरी सुटका कुठे झाली? इराण्यांनी सिंधूचं हिंदू केलं, ग्रीकांनी त्यातला ह गाळून टाकला, तिबेटी लोक ग्यागर म्हणाले, जपानचे भिक्खू तेन्जिकु म्हणाले, अशोकाने शिळेवर जंबुद्वीप कोरलं, आणि आता तुझ्या टाम्पेरे शहरातल्या शेजारणी इंतिया म्हणतात. आई म्हणाली होती, इंतिया म्हणजे एखाद्या मुलीचं नाव वाटतंय.

आईला हे सगळं माझ्यामुळे आलं असं मी सगळ्यांना सांगतो, ते पूर्ण खरं नाही. तिची औषध कंपनीतली पॅकिंगची नोकरी आठव. बाटलीबरोबर घडी घालून ठेवायचे ते पातळ कागद, एकाच कागदावर दहाबारा भाषा. छपाई बिघडलेले कागद ती घरी आणायची आणि आपण तिघं दिवाणावर बसून कुठली भाषा कुठल्या देशाची ते शोधायचो. तिला त्या वाचता येत नव्हत्या म्हणून तिने त्यांना आपली नावं ठेवली होती. एक जिलबीवाल्यांची, एक उलट्या आरवाल्यांची, आणि जिच्यात अक्षरांच्या डोक्यावर दोन दोन टिंबं असायची ती टिंबवाल्यांची. तुला फिनलंडात नोकरी लागली तेव्हा मी नकाशावर पट्टी चिकटवली, सुओमी. आई जवळ येऊन बघत म्हणाली, म्हणजे पोर टिंबवाल्यांत चालली. पण सुओमी हा शब्द तिला आवडला. पासपोर्ट हातात आल्यापासून तर तिने सोसायटीत धुमाकूळ घातला होता. जो भेटेल त्याला, मी सुओमीला चालले. शेवंतीबाईंनी विचारलं, ते दुबईच्या अलीकडे की पलीकडे, तर त्यांना हाताला धरून तीन मजले चढवून नकाशासमोर उभं केलं. सुओमीला थंडी फार आहे, सुओमीला अळीव मिळत नाहीत, सुओमीला माझी पोर एकटी आहे. दिवसातून किती वेळा हे चालायचं त्याला गणती नाही.

आता ठाण्यातल्या बाळकुमचं सांगतो. तिथे एका टॉवरच्या तळाशी वाचा-उपचार करणारी मुलगी बसते, संचिता नाव, तुझ्यापेक्षाही लहान. पूर्वी जिथे आपण वांगी आणायला जायचो तो सगळा भाग आता टॉवरखाली गेला आहे. खाडीचा पूल ओलांडून, साकेतच्या रस्त्याने मी आईला रिक्षाने नेतो. रिक्षात ती माझा हात सोडत नाही. पहिल्या भेटीत संचिताने घरच्यांचा फोटो आणायला सांगितला होता, मी तुझ्या लग्नातला नेला. माझ्यावर बोट ठेवून तिने विचारलं, हे कोण? आई म्हणाली, अहो. आम्ही तिघंही हसलो. मग तुझ्यावर बोट ठेवलं, आणि मुलीचं नाव काय, असं विचारलं. आईचा चेहरा असा उजळला मेघना, आजारपणानंतर मी तो तसा पहिल्यांदा पाहिला. आणि ती अगदी स्पष्ट, खणखणीत म्हणाली, ‘सुओमी.’

संचिताने तिच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मास्तरची सवय वाईट, मी डोकावून वाचलं. लिहिलं होतं, अर्थहीन शब्द. मी म्हटलं, बाई, हा अर्थहीन नाही, हा देश आहे, माझी मुलगी तिथे राहते. ती बिचारी गोंधळली. तिने मोबाइलवर जगाचा नकाशा काढून आईपुढे धरला आणि विचारलं, मावशी, सुओमी कुठे आहे? आईने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने सरळ फोटोतल्या तुझ्या गालावर बोट टेकवलं. घरी आल्यावर मला राहवलं नाही. मी तिला आपल्या भिंतीवरच्या नकाशासमोर उभं केलं, तिचा डावा हात धरून त्या पट्टीवर ठेवला आणि विचारलं, हे काय? ती म्हणाली, ‘ते.’ पट्टी माझ्या हाताने लिहिलेली, चिकटवलेली, आणि तिच्या लेखी त्या देशाला आता नाव उरलेलं नाही. ते नाव निघून तुला लागलं आहे.

त्यानंतरचा तो रविवार तुला आठवत असेल. मी मोठ्या आशेने फोन उशीला टेकवून तिच्यासमोर ठेवला होता. म्हटलं, मेघना समोर दिसली की आपोआप येईल नाव. तू दिसलीस आणि ती म्हणाली, सुओमी. तू हसलीस. म्हणालीस, ‘हो गं आई, सुओमीच. थांब, तुला बर्फ दाखवते.’ आणि फोन खिडकीकडे फिरवलास. पांढरं अंगण, पानं गळालेली झाडं, बर्फात अर्धी बुडालेली सुमितची सायकल, सगळं कौतुकाने दाखवत राहिलीस. आई पडद्यावरून डावा हात फिरवत होती, काच पुसावी तसा. सुओमी, सुओमी म्हणत होती. तुला वाटलं तिला बर्फ आवडला. ती तुला शोधत होती. मी फोन ओढून घेतला आणि रेंज गेली म्हणून सांगितलं. रेंज गेली नव्हती. तुझी यात काडीची चूक नाही, आपल्या घरात वाढलेल्या कुठल्याही पोरीने तेच केलं असतं. पण त्यानंतर दुसऱ्यांदा ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी माझ्यापरीने उपाय सुरू केला. मला एकच उपाय येतो, घोकून घ्यायचं. तुझ्या फोटोखाली मोठ्या अक्षरात मेघना लिहून पट्टी चिकटवली. सकाळ-संध्याकाळ तिला समोर बसवून म्हणायला लावलं, सुओमी नव्हे, मेघना. ती ओठ मिटायची, ‘मे’ म्हणायची, पुढचं काही यायचं नाही, डोळे भरायचे, आणि तोंडून पुन्हा सुओमीच निघायचं. मी पुन्हा नव्हे म्हणायचो. एका सकाळी तिने फोटोकडे पाठ फिरवली आणि बोलणंच टाकलं. वंदना नाही, ‘ते’ नाही, ‘अहो’सुद्धा नाही. घर इतकं गप्प झालं की मी फ्रिज उगाच उघडायचो-मिटायचो. घाबरून संचिताला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, मास्तरकी थोडे दिवस बंद ठेवा ना. मावशी मुलीला ओळखतायत की नाही? अख्ख्या डोक्यात शोधून त्यांनी हा एक शब्द मुलीसाठी काढलाय. तुम्ही रोज तो चुकीचा आहे म्हणून परत करताय.” मी फोन ठेवला आणि फोटोखालची पट्टी नखाने खरवडून काढली. थोडा कागद अजून चिकटून आहे.

हळूहळू ती पुन्हा बोलायला लागली. परवा डोंबिवलीहून विहीणबाई आल्या होत्या. आईच्या जागी त्या तुझ्याकडे यायला निघाल्यात हे सुमितने सांगितलंच असेल. मनाने फार चांगल्या आहेत, येताना आईसाठी मऊ भात घेऊन आल्या होत्या. आईने मला खूण करून पलंगाखालची बॅग ओढायला लावली, तिच्या हातची भरलेली, डिंक, खारीक, सुंठ, सांडलेले अळीव मी गोळा करून पुन्हा भरलेले. ती बॅग तिने डाव्या हाताने विहीणबाईंच्या पायाशी सरकवली आणि म्हणाली, सुओमी. विहीणबाई म्हणाल्या, हो हो, तिकडेच चाललेय मी.

कचरूदादाची एक गोष्ट सांगून संपवतो. मला नोकरी लागल्यावर मी त्याच्या मागे लागलो होतो, नाव बदलून घे, कागदपत्रांचं सगळं मी बघतो. तो नुसता हसायचा. खडवलीला आमची आत्या होती, तिचे डोळे गेले होते. दादा दारात आला की पावलावरून ओळखायची आणि हाक मारायची, कचरू आला का रं? शेवटी एकदा मी फार तोंड टाकलं तेव्हा तो म्हणाला, “मी नाव बदललं तर आत्या हाक कुणाला मारंल?” मला तेव्हा त्याचा संताप आला होता. वाटलं, हा सुधारायचा नाही. तोच दादा आठवून मी गेले काही दिवस गॅलरीत बसतो आहे. आईला मेघना हे नाव पुन्हा सापडेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत, संचिता सांगत नाही, आणि मी विचारायचं सोडलं आहे. तुला विमानात बसता येत नाही, तिला बसवता येत नाही, आणि माझ्या हातात फोन धरण्यापलीकडे काही नाही. इतका असहाय मी कधीच नव्हतो गं.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. तुझं नाव आईनेच ठेवलं. तू झालीस तेव्हा नकाशा नवा होता. तुला मांडीवर घेऊन ती दिवाणावर बसली होती, वर बघत बघत एका निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, बांगलादेशातली नदी आहे, मेघना. ती म्हणाली, मग हिला हेच. तेव्हाही तिने नाव नकाशावरूनच उचललं होतं, आता पुन्हा तिथूनच उचललं आहे. तेव्हा माझं एक ऐक. उद्या रविवार आहे, उद्या मी फोन तिच्या हातात देणार आहे आणि मध्ये येणार नाही. ती तुला सुओमी म्हणेल. बर्फ दाखवू नकोस, खिडकीकडे फोन फिरवू नकोस. चेहरा समोर ठेव. रडू आलं तर येऊ दे, पण नव्हे म्हणू नकोस. मेघना हे नाव माझ्याकडे आहे, मी ते सांभाळीन, रोज घेईन. ती हाक मारेल तेव्हा तू फक्त ओ दे. एवढंच मागायला इतकी पानं लिहिली. आतून ‘अहो’ ऐकू आलं, उठतो.

तुझाच,
आईचा अहो आणि तुझा बाबा